वाघमारे मॅडमची खाच

प्रयोगशाळेत कुणाचाही वाढदिवस असला, की केकला पहिली सुरी वाघमारे मॅडमची लागायची. ज्याचा वाढदिवस तो बिचारा बाजूला हात चोळत उभा, आणि मॅडम केकच्या उजव्या कडेला नखाएवढी खाच मारून सुरी पुसून त्याच्या हातात देणार. "उजवी बाजू कुठली ते कळलं. आता कापा, काय वाट्टेल ते करा." नव्या माणसाला वाटायचं, बाई जरा विक्षिप्त दिसतात. जुन्यांना ठाऊक होतं, की बेसिनवरच्या साबणाच्या वडीलाही त्यांनी खाच मारलेली आहे.

अंधेरी पूर्वेला, कारखान्यांच्या गाळ्यांमागे आमची संशोधन संस्था. उंदराच्या गर्भात मेंदू घडत असताना कोणकोणती जनुकं कामाला लागतात, हे आम्ही तिथे शोधतो. जनुकं सगळ्याच पेशींत असतात, पण सगळी सगळीकडे चालू नसतात. कुठलं कुठे आणि कधी चालू झालं ते कळलं, तर मेंदू कसा बांधला जातो याचा थोडाफार पत्ता लागतो. त्यासाठी गर्भाचं वाटाण्यापेक्षा लहान डोकं एका दाट द्रावात ठेवून गोठवायचं, त्या पांढऱ्या ठोकळ्याचे केसाहून पातळ काप काढायचे, ते काचपट्टीवर चढवायचे आणि मग रंगाची प्रक्रिया करायची. जनुक जिथे चालू असेल तिथे जांभळा रंग उमटतो.

हे काप मॅडम अठ्ठावीस वर्षं काढत होत्या. वडील जालन्याकडून मुंबईत आलेले, सासर घाटकोपरचं. सकाळी मेट्रोने यायच्या, स्वेटर चढवायच्या आणि काप काढायच्या गोठणयंत्रासमोर बसायच्या. बाहेर मे महिना असो की काही असो, त्यांच्या खोलीत हिवाळाच. ठोकळा एकदा पांढरा झाला की आतल्या डोक्याची डावी-उजवी बाजू ब्रह्मदेवालाही कळत नाही. म्हणून साच्यातून काढल्या काढल्या उजव्या बाजूला पात्याने खाच मारायची, आणि काप चढवताना खाच उजवीकडे ठेवायची, हा त्यांचा नियम. पुढे काच धुतली की द्रावाबरोबर खाचही निघून जाते. "आधी खाच, मग चहा," असं त्या म्हणायच्या आणि चहाचा कप खरोखरच हातातून काढून घ्यायच्या. माझा तर दोनदा काढून घेतला.

माझ्या पीएचडीच्या शेवटच्या वर्षी मला एक जनुक सापडलं. त्याला धड नाव नव्हतं, यादीतला नुसता क्रमांक होता. पण मागच्या मेंदूत त्याचा जांभळा पट्टा उमटला तो फक्त डावीकडे. पहिल्या गर्भात डावीकडे, दुसऱ्यात डावीकडे, तिसऱ्यातही डावीकडे. मेंदू इतक्या लवकर डावं-उजवं ओळखतो! आमचे सर एरवी "बरं" यापलीकडे कौतुक करत नसत, ते खुर्चीतून उठून सूक्ष्मदर्शकापाशी आले. त्यातच दुसऱ्या एका देशातला गट याच जनुकावर काम करतोय अशी बातमी आली. सरांनी फर्मान काढलं, शुक्रवारी लेख गेलाच पाहिजे. माझी शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपत होती. हा लेख गेला तर पुढची वाट उघडी, नाहीतर बोरिवलीला घरी बसून शिकवण्या घ्यायच्या, असा माझा सरळ हिशेब होता.

गुरुवारी सकाळी चौथ्या गर्भाच्या काचा हातात आल्या. पट्टा उजवीकडे होता.

मी काच उलटी केली, सुलटी केली, पुसली, दुसरी घेतली. उजवीकडेच. मग मला जे सुचलं त्याची लाज अजून गेलेली नाही. पहिले तीन ठोकळे मी बनवले होते. चौथ्याच्या दिवशी मी चुलतभावाच्या साखरपुड्याला गेले होते, म्हणून तो मॅडमनी बनवला होता. आणि त्याच दिवशी दुपारी त्यांचे यजमान छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात दाखल झाले होते. अशा दिवशी माणूस खाच विसरू शकतो. खाच नसेल तर डावं-उजवं नुसता अंदाज, आणि अंदाज उलटा पडला असेल तर माझा पट्टा डावीकडेच!

मी त्यांच्या थंड खोलीत गेले. "मॅडम, चौथ्याला त्या दिवशी खाच राहिली असेल ना?"

त्यांनी पातं खाली ठेवलं. "राहिली असेल म्हणजे?"

"म्हणजे तुमची काही चूक नाही हो. घरचं टेन्शन होतं. तुम्ही सरांना फक्त सांगा, की राहिली. मग चौथा बाद करता येईल."

मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "उरलेला ठोकळा आहे ना. चल, बघू."

"सर आत्ता विचारतील, मॅडम. वेळ नाहीये यार!" घाबरले की मी मॅडमनाही यार म्हणायचे.

"बघायला किती वेळ लागतो गं?"

ठोकळे ठेवायच्या अतिशीत कपाटाचं दार उघडलं, वाफ अंगावर आली. त्यांनी जाड हातमोजे चढवले, चौथा खण ओढला, डबी काढली. झाकण बर्फाने चिकटलं होतं. ते निघेना. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते, आणि प्रार्थना अशी होती की या बाईच्या हातून चूक झालेली असू दे. झाकण निघालं. उरलेला अर्धा ठोकळा त्यांनी चिमट्याने उचलून माझ्यासमोर धरला.

एका कडेला खाच होती. स्वच्छ, सरळ, नखाएवढी.

मी तिथेच स्टुलावर बसले. "वाट लागली," एवढंच तोंडातून निघालं.

"रडायचं नंतर," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या तीन काचा आण."

त्यांनी चारही काचा ओळीने लावल्या. "जांभळं सोड. कान बघ." मेंदूच्या दोन्ही अंगांना गर्भाच्या कानाच्या पोकळ्या दिसतात. माझ्या तिन्ही काचांत डावी पोकळी मोठी होती, उजवी जेमतेम. चौथीत उलटं. महिनाभर मी त्या काचा बघत होते आणि जांभळ्या रंगाशिवाय काहीही बघितलं नव्हतं.

"तू डावखुरी ना?" त्यांनी विचारलं. "डोकं साच्यात ठेवताना तुझ्या हाताने एका बाजूला कलतंय, माझ्या हाताने दुसऱ्या. काप तिरका गेला. पट्टा बारीक आहे, म्हणून एका बाजूला सापडतो, दुसऱ्या बाजूला निसटतो. पुढचे काप बघ, दुसरीकडे पण निघेल."

निघाला. पट्टा दोन्ही बाजूंना होता. आमच्या शोधातलं डावं म्हणजे माझा डावा हात होता.

सरांना मी स्वतः सांगितलं. ते फक्त "बरं" म्हणाले. शुक्रवारी लेख गेला नाही. मार्चनंतरचे चार महिने मी बोरिवलीच्या तीन मुलांना जीवशास्त्र शिकवून काढले. डोकी पुन्हा नीट बसवून, नवे काप काढून जो लेख शेवटी गेला तो साधा होता: अमुक जनुक मागच्या मेंदूच्या अमुक पट्ट्यात चालू होतं, दोन्ही बाजूंना. दुसऱ्या गटालाही पुढे तेच दिसलं. लेखावर माझ्या नावाशेजारी मॅडमचं नाव होतं. त्यांनी ते पान घरी नेलं आणि यजमानांना दाखवलं. ते एव्हाना बरे होऊन घरी आले होते.

मॅडम निवृत्त झाल्या त्या दिवशीही केक होता. त्यांनी सुरी माझ्या हातात दिली. मी डाव्या हाताने खाच मारली. गर्दी पांगल्यावर मी त्यांना म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही किती शांत होतात, मॅडम. तुमची खात्री होती."

"कसली खात्री?" त्या म्हणाल्या. "तू विचारलंस तेव्हा मला आठवतच नव्हतं. त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही, फक्त दवाखान्यातून फोन आला ते आठवतं. खाच नसती तर अठ्ठावीस वर्षांवर पाणी पडलं असतं ना गं."

"मग उघडलंत कशाला? राहिली असेल म्हणाला असतात, तर मीही खूश झाले असते."

"बघायला ठोकळा असताना असेल-नसेल कशाला बोलायचं?" असं म्हणून त्यांनी केकचा एक तुकडा यजमानांसाठी डबीत भरून घेतला.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. मी आता त्याच संस्थेत शिकवते. दर वर्षी कपाट साफ होतं, जुने ठोकळे फेकले जातात. चौथी डबी मी फेकू देत नाही. नवी मुलं विचारतात, यात काय आहे एवढं? मी झाकण काढते, त्यांना खाच दाखवते आणि सांगते, की ही खाच नसावी म्हणून मी एकदा प्रार्थना केली होती.