दुर्वाची तपासणी

रोह्याच्या खोलीतलं सामान टेम्पोत चढत होतं आणि माझी चार वर्षांची दुर्वा चाकाशी बसून त्याच्या नटांवरून बोट फिरवत होती. जिते गावाहून आलेली माझी आई म्हणाली, "पोर गप हाय गो, येडी नाय. कशाला नेतेस पुण्याला?" मी दुर्वाला चाकापासून उचललं. माझा नवरा महेश कंपनीतल्या शिफ्टमुळे रोह्यातच राहणार होता.

तुम्ही गावाकडचे सगळे फोनवर विचारता, पोरीला नक्की झालंय काय? गावाबाहेर पडलेल्या मैत्रिणीही विचारतात. म्हणून लिहिते.

पेणचे डॉक्टर म्हणाले होते, उशिरा बोलेल. पनवेलच्या डॉक्टरांना ऑटिझमची शंका आली, पण खात्री देता येईना. याला रक्ताची तपासणी नाही, एक्स-रे नाही. मूल खेळताना बघायचं, आईबापांना विचारायचं, त्यावरून ठरवायचं. पुण्यात एका बंद खोलीत अनोळखी ताईंनी दुर्वापुढे बाहुली आणि खोटा केक ठेवला, बाहुलीचा वाढदिवस करूया म्हणाल्या. आमच्याकडे वाढदिवसाला नुसतं ओवाळतात. दुर्वाने मेणबत्त्या उपटून ओळीत मांडल्या. हाक मारली तर वळली नाही. निष्कर्ष निघाला: ऑटिझम, आणि भाषेची समज फारच कमी.

थेरपीच्या ठिकाणी सांगितलं, घरात एकच भाषा बोला, शाळेतली. मी 'हाय' आणि 'नाय' सोडलं. पोटच्या पोरीशी पाहुण्यासारखी बोलू लागले. परत यावं, तर रोज नेता येईल अशी थेरपी आम्हाला तिकडे सापडली नव्हती. राहावं, तर दुर्वा दिवसभर खिडकीच्या ग्रिलला नाक लावून बसायची. तिच्यामागे मीही तशीच बसायचे.

वर्षाने पुन्हा तपासणी झाली. या वेळी आई आली होती आणि नव्या डॉक्टर मॅडमनी तिलाही आत बसू दिलं. दुर्वा मॅडमच्या एकाही प्रश्नाला दाद देईना. आई कंटाळून म्हणाली, "दुर्वे, आजीला पानी दे गो." दुर्वा उठली, माझ्या पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडून आजीच्या हातात दिली. मग आईने मागितली तशी दारातली चप्पलही आणली.

मॅडमनी ते टिपून घेतलं. मला वाटलं, आता म्हणतील, चूक झाली, तिला काही नाही. त्या म्हणाल्या, "ऑटिझम आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण तिला किती समजतं, ते आम्ही चुकीचं मोजलं. घरी तुमच्याच बोलीत बोला."

पुढे ती कशी होईल, असं मी विचारलं.

"ते ही तपासणी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर आईने हळूच विचारलं, पोर गप हाय, येडी नाय, असं ती स्वतः बोलली होती ते खोटं का? मी म्हटलं, अर्धं खरं.

आता घरात पुन्हा आपली बोली आहे. दुर्वा चार-पाच शब्द बोलते, तेही माझ्या आईसारखे. पण सुटका झाली असं नाही. भात वाढताना मी तिला हाक मारते आणि ती वळते का, किती वेळाने वळते, ते बघत राहते. त्या खोलीतली तपासणी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आहे. तुम्ही विचारता, घरी कधी येतेस? रोहा सुटला, पुणे आपलं झालं नाही. एखाद्या दिवशी मी तिला नुसती जेवायला हाक मारते आणि बघायचं विसरते. तेवढ्यापुरती मी घरी असते.