बापूकाकांचा तबला

गोंदियाकडे जाणारी छोटी गाडी बालाघाटहून सुटेपर्यंत बापूकाका माझ्या खिडकीशी उभे होते. ते भरवेलीच्या खाणीत कामाला आणि आमच्या भजनी मंडळात तबल्यावर. मुंबईत माझ्या एका गाण्याची नमुन्याची तबकडी करून रेकॉर्ड कंपन्यांना ऐकवायची, म्हणून मंडळाने वर्गणी काढली होती.

स्टुडिओत तासावर पैसे लागतात हे कळल्यावर काका म्हणाले होते, "तालीम इथंच करून घे. अन् मी येतो ना सोबत, मले निस्तं भाडं दे. तिथच्या वाजवणाऱ्याले काहून पैसे द्याचे?"

बाहेरचे वादक तिथे चालत नाहीत, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. खाणीत काळी पडलेली त्यांची नखं मला त्या लोकांसमोर नको होती. हे लिहितानाही मान खाली जाते.

मुंबईत तबलेवाला आणि व्हायोलिनवाला ठरवला. तालमीचे वेगळे पैसे पडतील म्हणाले, तेव्हा मी तालीमच कापली आणि त्या पैशांत टेरिलीनचा शर्ट शिवला. गाणं ऐकू जाणार, शर्ट कोणाला दिसणार, एवढंही सुचलं नाही.

आमच्या मंडळात दुसऱ्या ओळीवर ठेका थांबतो, सगळे ती ओळ परत म्हणतात, मग तबला उठतो. लहानपणापासून असंच गायलो, त्यामुळे हे कोणाला सांगावं लागेल असं कधी वाटलंच नव्हतं. स्टुडिओत मी थांबलो तर तबलेवाला पुढे निघून गेला. तो थांबला तोवर मी सुरू झालो होतो. असं करता करता तास संपला. तबकडीवर मुखडा आणि अर्धा अंतरा उतरला, तोही चुकलेला.

घरी लिहिलं, मशीन बिघडलं, पैसे बुडाले.

पंधरा दिवसांनी काकांची मनीऑर्डर आली. कुपनावर लिहिलं होतं, "मशीन सुधरली का मंग पुन्हा म्हणजो. घाई करू नको." माझं खोलीचं भाडं थकलं होतं. पैसे तिकडे गेले.

पुढे एका गोदामात कारकुनी मिळाली. मस्टर, ओव्हरटाइम, रविवारी कपडे धुणं. गाणं सुटलं. तीन वर्षांनी गावी गेलो, तर भजनात काका रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरून बसलेले. मी आईकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "तबला इकला ना त्यायनं. तुले पैसे नाही का धाडले?"

काकांनी मला पाहिलं आणि विचारलं, "सुधरली का रे मशीन?"

"हौ," मी म्हणालो.

"मंग म्हण."

मी म्हटलं. दुसऱ्या ओळीवर त्यांचा हात आपोआप थांबला, सगळ्यांनी ओळ उचलली, आणि डबा नेमका जागेवर वाजला. तीन वर्षांत मी इतका सुरात गायलो नव्हतो, आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

तुम्ही गावात मागे राहिलेले पत्रातून विचारता, गावी का येत नाही. माझ्यासारखे निघून आलेलेही विचारतात. रजा मिळत नाही म्हणून सांगतो. खरं म्हणजे तबल्याची नवी जोडी घेऊन दोन वर्षं झाली, माझ्या खोलीत चादरीत बांधून ठेवली आहे. ती घेऊन गेलो तर काका विचारतील, हे कशाबद्दल, आणि मग मशीनचं खरं सांगावं लागेल. घर म्हणजे आता माझ्यासाठी तेवढा एक प्रश्न.