रजियाबीच्या नावाखालची रेघ

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पक्षात नाही. देवाला सांगितलं असतं, पण त्याच्याशी माझं फारसं बोलणं नसतं. मग तुम्हालाच का सांगतोय? तुमचं मत माझ्या प्रभागात नाही, म्हणून असेल.

मला तुम्ही कदाचित ऐकलं असेल. सोलापुरात समतेवर, तळातल्या माणसाला सोबत घेण्यावर कुणाला भाषण ठेवायचं असलं की मला बोलावतात. मी बोलतो चांगलं. ‘ज्याचे कष्ट, त्याची खुर्ची’ — हे वाक्य माझं. टाळ्या पडतात तेव्हा मी खाली बघतो. लोकांना वाटतं, माणूस नम्र आहे.

मी नम्र नाही. करमाळ्याकडून आलो तेव्हा खांद्यावर चादरी टाकून दारोदार विकायचो. समोरचा कुठं नमणार, हे त्याच्या डोळ्यांवरून ओळखायला तिथं शिकलो. भवानी पेठेत विडी वळणाऱ्या बायका माझ्याकडून चादरी घ्यायच्या. एकदा त्यांच्याबरोबर कारखान्याच्या शाखेत गेलो होतो. तपासणारा एका म्हातारीच्या चांगल्या विड्या मूठमूठ काढून ‘छाट’ म्हणून बाजूला टाकत होता. छाट म्हणजे खराब ठरवलेला माल — कष्ट बाईचे, मजुरी शून्य. माझं डोकं फिरलं. मी त्याचं टेबल उलटं केलं. दुसऱ्या दिवशी चाळीस बायका माझ्या दारात! आमची संघटना अशी जन्मली. विचारातून नाही, रागातून.

पण ती वाढवली बालम्माक्कानं. तेलुगू घरातली, विडी वळणारी, मराठी फाडफाड बोलणारी पण वाचता न येणारी. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाची पेन्शन अडली — मला कळायच्या आधी अक्का तिथं पोचलेली असायची. आणि तिच्या शेजारी, एकाच कट्ट्यावर, विड्या वळायच्या सुपाला सूप लावून बसणारी रजियाबी. तीस वर्षं. एकीचं तेंदूचं पान संपलं की दुसरी आपल्यातलं न विचारता तिच्या सुपात टाकायची. बाहेरचे पाहुणे आले की मी त्यांना हटकून त्या कट्ट्याकडं न्यायचो. ‘ही बघा आमची संघटना,’ म्हणायचो. फोटो काढायचो.

मग महापालिकेची निवडणूक लागली. जागावाटपात आमच्या वाट्याला त्या भागातली एकच जागा आली, आणि ती महिलांसाठी राखीव. किती वर्षं मी त्या जागेची वाट बघितली होती? आधी दोनदा पक्षानं मला थांबायला लावलं — एकदा पैसेवाल्यासाठी, एकदा कुणाच्या तरी भाच्यासाठी. आता आरक्षणाच्या सोडतीतल्या चिठ्ठीनं थांबवलं. राखीव जागांच्या बाजूनं मी भाषणं केली होती, ती काय स्वतःचा गळा कापायला?

बायकांची बैठक घेतली. निर्णय हात वर करून घ्यायचा, हे मीच त्यांना शिकवलेलं. मी माझ्या बायकोचं नाव सुचवणार होतो. शब्द जमवत होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “अक्काच की! आनी कोन?” आणि हात वर. सगळे. माझी बायकोही हसत हसत हात वर करून बसलेली.

मला कुणी विचारलंसुद्धा नाही. तुम्ही हसाल, पण ते आजही सलतं. टेबल कुणी उलटं केलं होतं?

मी हसून अक्काला हार घातला. मग म्हणालो, नियमाप्रमाणं एक डमी अर्ज लागतो. म्हणजे मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद झाला, तर पक्षाचं चिन्ह डमीला मिळतं. बहुतेक वेळा त्याचा उपयोग होत नाही, छाननीनंतर तो मागं घेतात. डमी म्हणून बायकोचा भरला. यात कुणाला काय दिसणार?

प्रत्येक अर्जाला एक सूचक लागतो, आणि तो त्याच प्रभागातला मतदार असावा लागतो. अक्काची सूचक रजियाबी असावी, असं ठरलं. रजियाबी घाबरली. “मेरेकू कायकू गे? पढे-लिखे कू लेके जा ना.” अक्का म्हणाली, “चल गं, तीस वरसं माझं डोकं खाल्लीस, एक सही कर की!” रजियाबीनं जीभ दाताखाली धरून उर्दूत सही केली. सही सुकेपर्यंत अक्का कागदावर फुंकर घालत होती.

त्या वेळी हद्दी बदलल्या होत्या. रजियाबीची गल्ली शेजारच्या प्रभागात गेली होती. नवी मतदार यादी माझ्याकडं होती — यादी वाचणं हाच तर माझा धंदा. अर्जावर सूचकाचा यादीतला नंबर लिहावा लागतो. मी जुन्या यादीतला लिहिला. माझ्या हातानं, माझ्या पेनानं. शहाणा उमेदवार वेगवेगळे सूचक घेऊन दोन अर्ज भरतो. अक्काचा एकच भरला, बायकोचे दोन. वकील बघतो म्हणत होता. मी म्हटलं, मी बघितलंय.

छाननीत अधिकाऱ्यानं चष्मा वर करून वाचलं — सूचक या प्रभागाची मतदार नाही, अर्ज अवैध.

मी टेबलावर मूठ आपटली. ओरडलो. पोलिसानं मला बाहेर काढलं. आयुष्यात इतक्या वेळा चिडलो, पण तो एकच राग खोटा होता. आणि खोटा वाटू नये म्हणून जिन्यावर सगळ्यांसमोर मी रजियाबीवर गेलो. “आपलं नाव कुटं हाय, तेवडं तरी बगायचं की! एका बाईचं नशीब घालवलंस!”

रजियाबी ओढणीचं टोक दातात धरून उभी राहिली. अक्का मधे आली. “अण्णा, तिला नका बोलू. मीच नेलं तिला. माझं चुकलं.”

तिच्या भाषेत अण्णा म्हणजे थोरला भाऊ. तिनं माझी माफी मागितली. आणि मी? मी तिला माफ केलं.

बायको निवडून आली. अक्का तिच्यासाठी दारोदार फिरली. पण पेठेत कुजबुज सुरू झाली होती. ‘आपल्यातली सूचक घ्यायची सोडून...’ ‘त्यांना घेऊन गेलं की असंच होणार.’ पानाच्या टपरीवर माझ्या कानांनी ऐकलं. माझ्या एका वाक्यानं ते बोलणं बंद झालं असतं. मी चुना जरा कमी लावायला सांगितला.

रजियाबीनं सूप घरात नेलं. महिन्याभरात लेकीकडं होटगीला राहायला गेली. कट्ट्यावर आता अक्का एकटी बसते. पान संपलं की उठून आत जाते.

इथं थांबलो असतो तर बरं दिसलं असतं. पण वर मी लिहिलं, रजियाबी सूचक असावी ‘असं ठरलं’. ठरलं नव्हतं. शेजारच्या प्रभागाच्या नव्या यादीत रजियाबीच्या नावाखाली पेन्सिलीची रेघ आहे. ती मी ओढली, अर्ज भरायच्या आठ दिवस आधी. ती ओढून मगच अक्काकडं गेलो. म्हणालो, “अक्का, सूचक रजियाबीला घ्या. दोन्ही समाज एकत्र. लोकांना कळू दे, आपली संघटना काय हाय ते.” अक्काचे डोळे भरून आले होते. म्हणाली, हे तुम्हालाच सुचणार, अण्णा.

जिन्यावर ‘मीच नेलं तिला’ म्हणायच्या आधी तिनं माझ्याकडं बघितलं होतं. नाव कुणी सुचवलं, ते तिला आठवत होतं. माझ्याकडं बघतच ती ते बोलली.