पाणी किती वाजता येतं

आमच्या तीर्थपुरीच्या घरात ओसरीवर वडिलांचा एक फोटो आहे. धोतर, काळा कोट आणि फेटा अशा थाटात ते लाकडी खुर्चीवर बसलेत आणि त्यांच्या मागे समुद्र आहे. नारळाची झाडं आहेत, शिडाचं जहाज आहे आणि जहाजाच्या वर, ऐन आभाळात, पडद्याला पडलेली घडी स्पष्ट दिसते. वडिलांनी आयुष्यात समुद्र पाहिला नाही. कापूस घालायला जालन्याला गेले असताना जुन्या जालन्यातल्या एका स्टुडिओत त्यांनी हा फोटो काढून घेतला होता. ते गेल्यावर आम्ही तोच मोठा केला आणि चंदनाचा हार घालून भिंतीला लावला. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "आण्णा मुंबईला गेल्ते का?" आणि घरातलं कुणीतरी मान हलवतं. ती होय अशी हलते की नाही अशी, हे पाहुण्यावर सोडलेलं असतं.

माय या फोटोखाली बसून तूर निवडते. मागच्या हिवाळ्यात मी सुटीला गावी गेलो होतो, तेव्हा सुपातून नजर न काढता ती म्हणाली, "ह्यांच्या बाजूला माझा फोटो लागंल, तव्हा कोणता लावणार रे तुम्ही?"

माझी बायको चहा ढवळत राहिली. वहिनी म्हणाली, "आत्याबाई, काहून असं अभद्र बोलता?"

"अभद्र काय त्यात? लागायचा तर हायेच. आधार कार्डावरचा लावला तर लेकरं ओसरीवर पाय ठेवायची न्हाईत."

यात अतिशयोक्ती नव्हती. आधार कार्डावर माय अशी दिसते की तिच्यावर दोन-तीन जिल्ह्यांत गुन्हे दाखल असावेत. तिचा दुसरा धड फोटो घरात नाही. लग्नकार्यात फोटो निघत असतात तेव्हा ती चुलीपाशी तरी असते, नाहीतर कुणाचं तरी रडकं मूल घेऊन मांडवाबाहेर.

"मला समुद्राचा पाहिजे," ती म्हणाली. "खऱ्या. ह्यांच्या मागं पडदा हाये. माझ्या मागं पडदा चालायचा न्हाई."

मागणी एवढीच होती. एक म्हातारी, एक समुद्र, एक फोटो. पण ती दादाच्या कानावर गेली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शेती करतो आणि काही काळ गावच्या सोसायटीचा चेअरमन होता. पद गेलं, पण आवाज राहिला. आमच्या घरात दुधाचा रतीब बदलायचा असला तरी आधी प्रास्ताविक होतं. त्यात आदल्या वर्षी त्याने लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाकडून जुना कॅमेरा घेतला होता. त्या कॅमेऱ्याच्या पिशवीला इतके कप्पे आहेत की लेन्सचं झाकण दर वेळी नव्या कप्प्यात हरवतं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून दादा त्यात तयार झाला होता. आता तो माणसांकडे थेट बघत नसे. आधी आभाळाकडे बघायचा, मग माणसाकडे, आणि मग खेदाने मान हलवायचा.

ओसरीवर बैठक बसली. रत्नागिरीला जायचं, क्रुझर सांगायची, कोल्हापूरवरून घाट उतरायचा, असं ठरलं. तारखेवर थोडी चर्चा झाली. अमावास्येला आमच्या घरातून कुणी बस स्टँडापर्यंतही जात नाही, म्हणून दादाने पौर्णिमा काढली. चांदण्याचे फोटो वेगळे मिळतील, हा त्याचा जादा मुद्दा.

"मुख्य फोटो मात्र संध्याकाळी सहाला," तो म्हणाला. "त्याला गोल्डन अवर म्हणतात. उजेड सोन्यावानी पडतो. सहा म्हंजे बराबर सहा. अन् सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे. सगळ्यांनी."

"सगळ्यांनी म्हंजे?" माय.

"तू बी. तू मधात बसणार."

"तुमचा बाप गेला तव्हा मी पांढरं नेसले न्हाई. आता फोटोसाठी नेसू का, चेअरमनसाहेब? मी हिरवं इरकल नेसणार."

ठरावात दुरुस्ती झाली. मायला हिरवं, बाकी पांढरे.

मग लॉजला फोन लावला. दादाने स्पीकर चालू केला, कारण त्याला स्वतःचं बोलणं सगळ्यांनी ऐकलेलं आवडतं. "नमस्कार. आम्ही मराठवाड्यातून सहकुटुंब येऊ इच्छितो. आपल्याकडील निवासव्यवस्थेबाबत माहिती मिळेल काय?" पलीकडच्या मालकाने शांतपणे खोल्या सांगितल्या, भाडं सांगितलं, समुद्र सुरूच्या बनापलीकडे आहे, चालत जाता येतं, हेही सांगितलं. दादा आभाराकडे वळणार एवढ्यात माय पुढे सरकली आणि मोबाइलवर वाकून मोठ्याने म्हणाली, "बाबा, पाणी किती वाजता येतं?"

माय कुठेही मुक्कामाला जायचं म्हटलं की हा प्रश्न विचारतेच. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा पोह्यांची बशी हातात घेण्याआधी तिने मुलीच्या वडिलांना हेच विचारलं होतं. मी नवीन जालन्यात राहतो. तिथे नळाला पाणी येण्याचा दिवस पंचांगापेक्षा जास्त विचारला जातो. त्यामुळे मला त्यात वावगं वाटलं नाही. दादाने मात्र कपाळाला हात लावला.

पलीकडे मालक जरासा थांबला. मग म्हणाला, "आजी, वेळ रोज बदलते हो. तुम्ही कधी येताय?"

"पुनवेला."

"पुनवेला ना? मग दुपारी बारा-साडेबाराला भरपूर पाणी. नंतर उतरत जातं. सहाच्या सुमाराला एकदम सुकती."

"अन् रोज येतं का दिवसाआड?"

मालक मनापासून हसला. "रोज दोनदा येतं आजी. कधी चुकत नाही."

फोन ठेवल्यावर दादा चिडला. "माय, लॉज हाये ते. तिथं चोवीस तास पाणी असतं."

"तू इचारलं का? त्यो मालक असून सांगून राह्यला, बाराला येतं अन् सहाला सुकतं. तू हितं बसून सांगून राह्यला, चोवीस तास. मी कोणाचं ऐकू?"

मी घरातला वाचणारा माणूस. त्यामुळे किनाऱ्यावरच्या गावांत गोड्या पाण्याची टंचाई कशी असते, समोर एवढं पाणी असून प्यायला कसं नसतं, यावर मी एक छोटं चिंतन केलं. सगळ्यांनी ते गंभीरपणे ऐकलं. दुपारी खोलीवर थांबून पाणी भरायचं आणि सहाला समुद्रावर जायचं, असा अंतिम कार्यक्रम ठरला. दादाने आभार मानले. स्वतःचेच, पण मानले.

पौर्णिमेला सकाळी रत्नागिरीत पोचलो. लॉजमधून समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.

"काय वाजून राह्यलं?" मायने विचारलं.

"समुद्र हाये तो."

"त्याला म्हणा थांब जरा. आधी पाणी भरू द्या."

नळ आम्ही आलो तेव्हाही चालू होता. पण बारा वाजून गेल्यावर माय म्हणाली, "आलं बघ. जोर वाढला." वहिनीलाही तो वाढल्यासारखा वाटला. बादल्या भरल्या, प्लॅस्टिकचे मग भरले, बाटल्या भरल्या, शेवटी चिवडा पेपरवर काढून त्याचा डबाही भरला. क्रुझरच्या ड्रायव्हरला दादाने आवर्जून निरोप दिला की आंघोळ सहाच्या आत उरक.

साडेपाचला मिरवणूक निघाली. पुढे दादा, खांद्यावर तीन पायांचं स्टँड. मागे आम्ही पांढऱ्या कपड्यांत, एखाद्या शोकसभेला निघाल्यासारखे. मधे हिरव्या इरकलीत, पदर दोन्ही खांद्यांवरून नीट घेतलेली माय. सुरूचं बन ओलांडलं आणि सगळे थांबले.

समोर ओली वाळू होती. पुष्कळ ओली वाळू. तिच्या पार पलीकडे एक चकाकती रेघ दिसत होती.

"हाच का त्यो?" माय म्हणाली.

"त्यो थोडा मागं सरकलाय," दादा म्हणाला.

"आपल्याला पाहून?"

उजेड मात्र खरंच सोन्यासारखा होता. दादाने मायला लॉजवरून आणलेल्या खुर्चीवर बसवलं आणि पुढून, बाजूने, गुडघ्यावर बसून, एकदा आडवं पडूनही फोटो काढले. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिला दाखवले. तिने बराच वेळ बघितलं.

"चेअरमन, हे पाऊस पडून गेल्यावरचं आपलं खळं हाये," ती म्हणाली.

आम्ही हसलो. ती हसली नाही. परतताना तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

लॉजच्या पायरीवर मालक बसला होता. "अहो, या वेळेला कशाला गेलात?" तो म्हणाला. "आजींना मी फोनवर सांगितलं होतं ना, सहाला सुकती म्हणून?"

"पण ती तर नळाची वेळ," दादा म्हणाला.

"नळ? नळाला कसली वेळ? सुकती म्हणजे ओहोटी हो. समुद्राचं सांगितलं मी."

आतल्या मोरीत आमच्या भरलेल्या बादल्या ओळीने उभ्या होत्या. सगळ्यात आधी माझी बायको हसली, इतकी की तिला पायरीवर बसावं लागलं. माझ्या टंचाईवरच्या चिंतनाची तिने नंतर बऱ्याच ठिकाणी आठवण काढली आहे, अजूनही काढते. भरती-ओहोटी आम्ही सगळेच शाळेत शिकलो होतो. भूगोलाच्या पेपरात मला तिच्यावर गुणही मिळाले होते. पण ती पेपरात येते तशी खरोखर समुद्रावरही येते, हे लक्षात राहिलं नव्हतं.

माय एकटीच गंभीर होती. "मंग उद्या कधी येतं?" तिने मालकाला विचारलं.

"उद्या एकच्या सुमाराला, आजी."

आता दादाची पंचाईत झाली. कार्यक्रमानुसार सकाळीच निघायचं होतं. किल्ला धावता बघायचा आणि दुपारी कोल्हापूर गाठायचं. तिथे त्याच्या सोसायटीच्या काळातल्या एका ओळखीच्या माणसाने चहापान ठेवलं होतं. चहापानाबरोबर शाल आणि श्रीफळ होतं. मराठवाड्यातून सहकुटुंब आल्याबद्दल दादाचा सत्कार व्हायचा होता. येणं एवढंच त्यातलं कर्तृत्व होतं, पण सत्काराला आपल्याकडे तेवढं पुरतं.

"माय, माणसं गोळा केली त्यांनी. बरं दिसत न्हाई. आपण फोटो पुन्हा कधीतरी..."

"पुन्हा कव्हा?" माय म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही जा सगळे. शाल घेऊन या. मी पाण्यासाठी थांबते. मला काय नवीन हाये का ते?"

नवीन नव्हतंच. विहिरीत झरा साठायची वाट बघत ती काठावर बसलेली आम्ही दोघांनीही पाहिली आहे. टँकरची वाट बघत वेशीपाशी, नळाची वाट बघत माझ्या दारात. तिने ते ऐकवण्यासाठी म्हटलं नव्हतं, म्हणून ते जास्त ऐकू आलं. दादा मोबाइल घेऊन अंगणात गेला. "काही अपरिहार्य कारणास्तव" एवढे शब्द आत आले, मग बराच वेळ तो नुसताच "हो, हो" म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्र सुरूच्या बनापर्यंत आला होता. माय बनाच्या कडेला थबकली.

ऊन पांढरं होतं, सावल्या काळ्या. "हा उजेड फोटोचा न्हाईच," दादा पुटपुटला, पण स्टँड रोवलं. लॉजची लाल प्लॅस्टिकची खुर्ची पाण्यापासून बेताने दूर मांडली. माय बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड मिटलेलं, नजर समोर, अगदी भिंतीवरच्या वडिलांसारखी.

"हलू नको," दादा ओरडला.

तेवढ्यात बाकीच्यांपेक्षा मोठी अशी एक लाट बेत मोडून थेट खुर्चीखाली शिरली. मायने दोन्ही पाय उचलले, खुर्चीचे हात धरले आणि गल्लीत नळ सुरू झाल्यावर बायका ओरडतात तशी ओरडली, "आलं! आलं गं बायांनो, पाणी आलं!"

दादाचं बोट त्याच क्षणी दाबलं गेलं. नंतर त्याने पुष्कळ फोटो काढले. त्यांत माय व्यवस्थित बसली आहे, पदर जागेवर आहे, पाय खाली आहेत. गावी आल्यावर तिने ते सगळे बाजूला सारले आणि पहिला उचलला. पाय वर, पदर उडालेला, तोंड उघडं, आणि मागे कडेपासून कडेपर्यंत पाणी.

"माय," दादा समजावून सांगू लागला, "हाराचा फोटो असा ओरडता राहत न्हाई."

"हाराच्या वेळी मी कुठं पाहायला येणार हाये? आत्ता मलाच पाहायचाय. आत्ता लाव."

जिवंत माणसाचा फोटो गेलेल्या माणसाच्या शेजारी लावायला वहिनीने हरकत घेतली. म्हणून तो समोरच्या भिंतीवर लागला. आता वडिलांचा समुद्र आणि मायचा समुद्र ओसरीवर समोरासमोर आहेत. वडील त्या ओरडणाऱ्या बाईकडे गंभीरपणे बघत असतात.

मध्यंतरी मी गावी होतो तेव्हा शेजारची म्हातारी ताक न्यायला आली आणि फोटोपुढे उभी राहिली.

"समुद्रावर गेल्त्या का?"

"गेल्ते ना. ह्यांच्या मागं तर पडदा हाये, घडी दिसती बघ. हा खरा. तिथं रोज दोनदा पाणी येतं."

शेजारणीने पुन्हा एकदा नीट पाहिलं. "रोज? मंग भरून ठेवायचं काम न्हाई."

मायने ओसरीवर बसलेल्या दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आम्ही ठेवल्तं," ती म्हणाली.