आतल्या शिवणीचा धागा

मामांचा नवा डोळा बिघडला तो माझ्यामुळे. त्यांना भेटायला गेलो होतो. माझे डोळे चुरचुरले म्हणून खिशातली बाटली काढून थेंब घातले, गप्पांच्या नादात ती टेबलावर विसरलो आणि निघताना त्यांची बाटली खिशात घातली. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींना निळं बूच.

मामा रफूवाले. कोटाला भोक पडलं की त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागा काढून असं भरत, की मालकालाच जागा सापडू नये. परका धागा लावणारा त्यांच्या लेखी चोर. एक डोळा लहानपणापासून अधू. दुसऱ्याच्या बुबुळावरचा पडदा गढुळला आणि सुईच बंद पडली.

त्यामुळे नेत्रदानात मिळालेला पडदा बसवायचं ठरलं, तेव्हा त्यांनी डॉक्टरीणबाईंची उलटतपासणीच घेतली.

"जुळवून आणलाय का?"

"रक्तगट सहसा जुळवत नाही, काका. आतल्या थरात जिवंत पेशी पुरेशा आहेत का, ते बघून निवडलाय."

"म्हणजे परकं ठिगळ!"

"शरीरालाही कधी कधी तसंच वाटतं, मग ते उलटतं. म्हणून हे थेंब. एकदाही चुकवायचे नाहीत."

मामांनी एकदाही चुकवले नाहीत. आठवडाभर दिवसातून चारदा, इमानेइतबारे, माझंच औषध घातलं.

आठव्या दिवशी डोळा लालबुंद. उजेड सोसेना, समोर पुन्हा धुकं. मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बाटली वाचली. "हे कुणी दिलं?" मी खिशातून दुसरी काढली.

"मेलेल्यानं डोळा दिला," मामा म्हणाले, "आणि जिवंत भाचा तो काढून घेतोय."

"लगेच आलात म्हणून वाचायची आशा आहे," बाई म्हणाल्या. "आता तासातासाला थेंब."

थेंब मामी घालायच्या. मी रोज जायचो आणि दाराजवळच्या स्टुलावर बसायचो.

"अहो, रोज येतोय बिचारा," मामी म्हणायच्या.

"येऊ दे. बाटलीपासून चार हात लांब!"

महिन्याभरानं धुकं विरलं. त्या दुपारी गेलो तर मामांनी "कोट काढ" एवढंच फर्मावलं. बाहीला भोक होतं, मलाच माहीत नव्हतं. त्यांनी आतली शिवण उसवली, धागा ओढला आणि पहिल्याच फटक्यात सुईत ओवला. मामींनी पदर डोळ्यांना लावला. मला जरा धीर आला.

"मामा, आत्ताचे थेंब मी घालू?"

"आधी खिसे उलटे कर."