अंगठ्याखालची ओळ

नाडकर्णी काकूंनी आणलेली विथड्रॉवल स्लिप काउंटरवरच्या तावडेने माझ्या टेबलावर ठेवली. "ही सही मी पास नाही करू शकत यार," तो हळूच म्हणाला. "तूच सांग त्यांना."

सही कसली, एक थरथरती रेघ होती. मध्येच तुटलेली आणि पुढे कागदाच्या कडेपर्यंत घसरलेली. काकू समोरच्या बाकावर बसून आमच्याकडेच बघत होत्या.

ही सात-आठ वर्षांपूर्वीची, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडच्या आमच्या शाखेत पेन्शनचं काम माझ्याकडे होतं. खातं उघडताना गिऱ्हाईक एका कार्डावर सही करून देतं, ती नमुना सही. पुढे प्रत्येक स्लिपवरची सही तिच्याशी ताडून बघायची आणि जुळली तरच पैसे द्यायचे. पेन्शनचं खातं तेव्हा एकट्याच्याच नावावर असे, त्यातून बायकोला स्वतःच्या सहीने पैसे काढता येत नसत. नाडकर्णी साहेबांना दिवाळीनंतर पक्षाघाताचा झटका आला होता. बोलणं शाबूत राहिलं, उजवा हात गेला. स्लिपवरची रेघ त्यांनी त्याच हाताने कशीबशी ओढली होती. मागचा महिना काकूंनी घरातल्या शिलकीवर काढला होता. आता शिल्लकही संपली होती.

अशा वेळी नियम सोपा होता. खातेदाराचा अंगठा घ्यायचा आणि खाली दोघांनी साक्ष करायची, त्यातला एक बँकेचा ऑफिसर. मी काकूंना म्हटलं, काळजी करू नका, संध्याकाळी मीच घरी येतो. त्यांच्या चेहऱ्यावर काही सुटकेचा भाव आला नाही. "अंगठ्याचं तुम्हीच सांगा त्यांना," त्या म्हणाल्या. "माझ्याच्याने नाही व्हायचं."

का, ते मला कळायला हवं होतं. साहेब सरकारी खात्यात गॅझेटेड ऑफिसर होते. नोकरीसाठी, कॉलेजसाठी सर्टिफिकेटची नक्कल दिली की ती खरी असल्याबद्दल अशा ऑफिसरची सही आणि शिक्का लागायचा. त्यांच्या सोसायटीतल्या निम्म्या मुलांच्या मार्कशीटवर साहेबांची सही होती. रिटायर झाल्यावरही लोक सवयीने येत राहिले आणि आता मला तो अधिकार नाही, असं त्यांना दारातच सांगावं लागे. हळूहळू लोक यायचे थांबले. पगाराच्या जागी पेन्शन आली, खर्च आवरावा लागला, ते त्यांनी निमूट स्वीकारलं होतं. पण सही मागायला कोणी येत नाही, हे त्यांनी मला बँकेतच एकदा, विषय नसताना, सांगितलं होतं.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा ते खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. मी बॅगेतून स्टॅम्प पॅड काढलं.

"परांजपे, ते आत ठेवा."

मी नियम सांगायला लागलो. तो त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत होता.

"माझ्या ऑफिसात अंगठा उठवायला माणसं रांगेत उभी असायची," ते म्हणाले. "त्यांच्या अंगठ्याखाली साक्ष मी करायचो. आता माझ्या अंगठ्याखाली तुम्ही करणार?"

मी पॅड परत बॅगेत ठेवलं. उत्तर काकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून दिलं. "वाण्याने आज उधारीचं विचारलंय. इभ्रत घालून चहा गोड होत असेल तर सांगा, मी साखर आणत नाही."

साहेबांनी चष्मा मागून घेतला. मग डाव्या हाताने सही करून बघतो म्हणाले. काकूंनी त्यांच्या मांडीवर पाट ठेवला, वर कागद धरला. साहेबांनी पुन्हा पुन्हा सही केली आणि प्रत्येक सही वेगळीच आली. शेवटी त्यांनीच पेन खाली ठेवलं. "ही मीसुद्धा पास केली नसती."

मी उठायच्या बेतात होतो. उद्या पुन्हा यावं, असं मनात होतं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "साक्षीत काय लिहिणार तुम्ही?"

नेहमीचंच, मी म्हणालो. निशाणी डाव्या हाताचा अंगठा, पुढे नाव, खाली साक्षीदारांच्या सह्या.

"ते निरक्षराचं झालं. लिहा. खातेदार साक्षर आहेत. आजारामुळे त्यांना सही करता येत नसल्याने अंगठा घेतला आहे."

मी लिहिलं. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं. 'आजारामुळे'च्या पुढे 'सध्या' घाला, म्हणाले. मी घातलं. मग त्यांनी डावा हात पुढे केला. समोरच्या ब्लॉकमधले शहाभाई दुसरे साक्षीदार म्हणून आले. काम झाल्यावर काकूंनी खोबरेल तेल लावून त्यांच्या अंगठ्याची शाई पुसली, आणि मग सगळ्यांसाठी चहा टाकला. जिना उतरताना मला किती हलकं वाटलं ते आजही आठवतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी स्लिप हातात घेतली. "परांजपे, हा निबंध कशाला? अंगठा आणि दोन सह्या पुरतात."

"जास्तीच्या ओळीने पेमेंट अडतं का साहेब?"

त्यांनी स्लिप पुन्हा वाचली. "अडत नाही," म्हणाले आणि खाली सही केली. काकूंना तासाभरात पैसे मिळाले.

पुढे दर महिन्याला मी साहेबांकडे जाऊन येत असे. ती ओळ लिहायची, त्यांना वाचून दाखवायची, मग अंगठा. उजवा हात कधीच परतला नाही, पण 'सध्या' खोडायला कोणी सांगितलं नाही. गेल्या वर्षी साहेब गेले. काकूंना आता फॅमिली पेन्शन मिळते. त्या स्वतः बँकेत येतात, ठळक अक्षरात सही करतात आणि काउंटरवर उभं राहून नोटा मोजून घेतात. साहेबांबद्दल चार ओळी लिहायच्या म्हणून मी बरेच दिवस बसत होतो. अखेरीस बँकेच्या कामाबद्दलच लिहिलं गेलं.

शाखेत नवा ऑफिसर आला की मी त्याला एवढंच सांगतो. पेन्शनरच्या घरी अंगठा घ्यायला गेलास तर पॅड लगेच काढू नकोस. आधी पेन काढ आणि काय लिहू, ते विचार.