नीळकंठासाठी झुरळं

देवमन तायडे घरात बसलेला कोणी कधी पाहिला नव्हता. अकोला-अकोट मोटारीवर तो अकरा वर्षं कंडक्टर होता. सुट्टीच्या दिवशीही सकाळी स्टँडवर एक चक्कर मारून आल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. एकोणीसशे एकसष्टच्या मे महिन्यात, पावसाआधी छपराची कवेलू फेरायला तो घरावर चढला आणि लाकडाच्या सडलेल्या बल्लीवर पाय पडून खाली आला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. चार महिने प्लास्टर. प्लास्टर निघालं तेव्हा डावा पाय दोन बोटं आखूड झालेला होता. मोटारीच्या पायरीवर उडी मारून चढायचं काम आता होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

अकोल्याच्या अकोट फैल वस्तीतल्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको पंचफुला राहत. पंचफुला सरकारी दवाखान्यात आया होती. ती सकाळी सातला निघून जाई, आणि मग देवमन खाटेवरून दाराशी, दारापासून मोरीशी, मोरीपासून खाटेवर अशा कुबडीवर येरझारा घाली. रस्त्यावरून मोटार गेली की आवाजावरून तो गाडी ओळखी. ती वेळेवर असली तरी त्याचा जीव खालीवर होई आणि उशिरा असली तरी होई.

भादव्यात त्याचा जुना ड्रायव्हर पंजाबराव एक कापडी पिशवी घेऊन आला. पिशवीत नीळकंठ होता. अकोटच्या वाटेवर चोहट्ट्याजवळ तारेखाली फडफडत पडलेला त्याला दिसला होता. पक्ष्याचा उजवा पंख लोंबत होता.

"घे," पंजाबराव म्हणाला. "तुयासारखाच हाये. उडता येत नाही न बसवत बी नाही."

देवमनने पंखाला बांबूची कामटी लावून चिंधी बांधली. पंचफुलाने दवाखान्यातून येताना थोडा कापूस आणला. ती पक्ष्याला पाहुणा म्हणू लागली. पण पाहुणा ज्वारीला शिवेना, भाकरीला शिवेना, भिजवलेली हरभऱ्याची डाळ त्याने मान झटकून फेकून दिली. देवमनने कुबडी टेकत शाळेमागच्या गवतातून एक नाकतोडा धरून आणला. नीळकंठाने तो चोचीत धरून खाटेच्या माचव्याच्या लाकडावर दोनदा आपटला आणि गिळला. मग पुन्हा तोंड उघडलं.

तेव्हापासून देवमनच्या दिवसाला काम मिळालं. रोज वीस-पंचवीस नाकतोडे. आखूड पाय ओढत तो गवतात उकिडवा बसे, आणि नाकतोडा उडाला की स्वतःवरच चिडे. तरी त्या चिडण्यात त्याला बरं वाटे. दिवाळीनंतर गवत वाळलं. मार्गशीर्षात दिवसभर हिंडून तीन किडे मिळू लागले, तेही काडीसारखे. पक्षी छाती फुगवून कोपऱ्यात बसू लागला. त्याच्या छातीचं हाड हाताला टोचायला लागलं.

अशातच एका संध्याकाळी मोरीतून एक लाल झुरळ निघालं आणि भिंतीवरून पळालं. नीळकंठाने एका उडीत ते पकडलं. देवमन बराच वेळ त्या मोरीकडे पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन भांडी मांडली. एका काचेच्या बरणीत चुलीमागची बारीक तपकिरी झुरळं, दुसऱ्या पत्र्याच्या डब्यात मोरीतली मोठी लाल. दोन्हींत कागदाच्या घड्या, गव्हाचा कोंडा, गाजराचा तुकडा. काठाला आतून एरंडेल तेल. कोणती जात वाढवायची ते त्याला ठरवायचं होतं. बारीक झुरळं भराभर वाढत. महिन्याभरात बरणीत नुसती वळवळ झाली. पण ती इतकी लहान होती की पाहुणा दहा गिळूनही तोंड वासून बसे, आणि झाकणाच्या फडक्यातून ती कशी निसटत ते देवमनला शेवटपर्यंत कळलं नाही. लाल झुरळं पोटभरीची होती. दोन-तीनांत पाखराची भूक भागे. पण ती वाढत सावकाश, डबा उघडला की कुबट वास येई, आणि तेल वाळलं की चढून उडत.

एका रविवारी पंचफुलाने पिठाचा डबा उघडला. पिठात तीन बारीक झुरळं होती. तिने डबा तसाच दारात आणून ठेवला.

"अजी, लोकं झुरळ मारासाठी पावडर मागतात, न तुमी पोसून राहिले?"

"पोसतो कुठं? पाखराचं खाणं हाये ते."

"खाणं हाये त घराबाहेर ठेवा."

"बाहेर मुंग्या खातीन."

ती उंबऱ्यावर बसली. तिचा आवाज चढला नाही, हे त्याला जास्त लागलं.

"माह्या मायनं जनमभर लोकाईची घाण काढली. या घराले मी चुना मारला, तवा म्हटलं होतं, इथं किडा दिसला नाही पाहिजे. लोकं आपल्या घरात पाय ठेवाच्या आधी जमीन पाहतात. तुमाले मालूम नाही काय?"

देवमनला मालूम होतं. मोटारीत सुटे पैसे परत देताना काही उतारू बोट लागू नये म्हणून हात कसा वरच्यावर धरत, ते त्याने अकरा वर्षं पाहिलं होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्या चौकटीवर धुळीचा कण नव्हता. त्याने बारीक झुरळांची बरणी उकळतं पाणी ओतून रिकामी केली. लालचा डबा मात्र मोरीच्या मागे, विटांच्या आडोशाला नेऊन ठेवला. पंचफुलाने तो पाहिला. त्या दिवसापासून ती सकाळी जाताना मोरीकडे पाठ करून वेणी घालू लागली. देवमनला घरात बसवेना आणि बाहेरही निघवेना.

होळी झाल्यावर फैलात मलेरियाची फवारणी झाली. खाकी कपड्यातली माणसं पाठीवर पंप घेऊन घरोघर फिरली. भिंती, छप्पर, मोऱ्या सगळ्या औषधाने पांढऱ्या झाल्या. देवमनने पक्ष्याला आणि झुरळांच्या डब्याला घेऊन अख्खा दिवस शाळेमागच्या बाभळीखाली काढला. परत आला तर गल्लीत लाल झुरळंच झुरळं. मोऱ्यांतून निघून ती उघड्यावर आली होती, पळत नव्हती, पाठीवर पडून पाय हलवत होती. इतकी सोपी शिकार त्याला कधी मिळाली नव्हती. डब्यातली जपून ठेवू, म्हणून त्याने दहा-बारा वेचली आणि त्यातली चार पाखराला दिली, उरलेली डब्यात टाकली.

तासाभरात नीळकंठाची मान थरथरू लागली. मग त्याचे पाय पकड सोडू लागले. तो माचव्यावरून पडला, देवमनने बसवला, पुन्हा पडला. पंचफुला कामावरून आली तेव्हा नवरा जमिनीवर फतकल मारून बसला होता आणि पाखरू त्याच्या मांडीवर होतं.

"काय दिलं?" तिने विचारलं.

"गल्लीतले झुरळं."

तिने एका क्षणात ओळखलं. "औषध पिलेले झुरळं दिले तुमी त्याले." तिने कापसाचा बोळा पाण्यात बुडवला आणि चोचीच्या कडेला धरला. थेंब थेंब. एक थेंब आत जाई, दोन बाहेर येत. मध्येच ती म्हणाली, "बल्ब खाली घ्या, ऊब लागली पाहिजे याले," आणि देवमनने खुर्चीवर चढण्याऐवजी दिव्याची वायर ओढून खिळ्याला अडकवली. त्याला कोणी काम सांगत होतं, एवढ्यानेच त्याचा जीव थोडा थाऱ्यावर आला.

दोन दिवस पक्षी पडून राहिला. तिसऱ्या सकाळी तो पायावर उभा राहिला आणि पंचफुलाच्या बोटाला चावला. देवमनने डब्यातली लाल झुरळं खड्ड्यात टाकून वर रॉकेल ओतलं. मोरीचं एक झुरळ कुठून आलं, कोणत्या घरचं औषध चाटून आलं, हे यापुढे कसं ओळखायचं? आता पाखराला काय घालायचं ते त्याला सुचेना. आठवडाभर तो पाली आणि भिंतीवरचे किडे शोधत फिरला.

पंचफुलाच भाकरी थापता थापता म्हणाली, "आमच्या माहेरी गोवऱ्याच्या खोलीत झुरळाची एक जात हाये. मातीत राहते. मादीले पंख नाही, बटणासारखी गोल. भिंतीवर चढत नाही, अन्नाले शिवत नाही. खोलीतली कोरडी माती चाळली का निघते."

"वास?"

"मातीचा येते, तेवढाच."

"तू आधी काहून नाही सांगतलं?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी त डबे मांडून मोकळे झाले."

तिचं माहेर दर्यापूरकडे होतं. पडल्यापासून देवमन पहिल्यांदा मोटारीत बसला, तोही उतारू म्हणून. कंडक्टर नवीन होता. त्याने घंटीची दोरी ओढली की देवमनचा हात खांद्याशी जाई, जिथे पूर्वी तिकिटांच्या पिशवीचा चामड्याचा पट्टा असे. दोन थांब्यांनंतर पंचफुलाने तो हात धरून आपल्या मांडीवर ठेवला.

तिची आई जाईबाई हसायला लागली. जावई सासरी काय मागायला आला, हे ऐकून तिने शेजारणीलाही बोलावलं. पण मग तिनेच पदर खोचला आणि गव्हाची जुनी चाळणी काढली. गोवऱ्यांमागची धुळीसारखी माती चाळली की वर गोल, भुऱ्या, केसाळ पाठीची झुरळं राहत. हाताला लागली की पाय आखडून खड्यासारखी पडून राहत. चाळीस-पंचेचाळीस निघाली. चार नर होते, त्यांना पंख होते. जाईबाई म्हणाली, "या घरात फवारावाले कधी आले नाही, बाप्पा. येतीन तवा येतीन. तोवर घेऊन जा."

घरी येताच देवमनने त्यातलं एक झुरळ काचेच्या बरणीत सोडून पाहिलं. ते काठाकडे दोन बोटं चढलं आणि घसरून पडलं. पुन्हा चढलं, पुन्हा पडलं. पंचफुला वाकून पाहत होती. पाच वेळा पडल्यावर ती म्हणाली, "ठेवा. पण डबा झाकलेला पाहिजे. न माती बदलाची असली त मी बदलीन, तुमच्या हातानं सांडते."

जात ठरली, पण तेवढ्याने काम झालं नाही. एक तर ही झुरळं मातीत शिरत आणि पाखराला दिसत नसत. त्यावर देवमनने ती जर्मन धातूच्या ताटलीत ठेवून पाहिली. ताटलीत ती धावत, आणि नीळकंठ धावत्या वस्तूवरच झेप घेई. दुसरं म्हणजे त्यांची वाढ. मादी मसुरीएवढी अंड्यांची डबी मातीत टाकी, आणि पिलं कधी निघतील याचा पत्ता नसे. देवमन रोज माती उकरून पाही. पंचफुलाने शेवटी डब्याला दोरी बांधून गाठ मारली.

"रोज पाहाल त मरतीन. पावसाळाभर नाकतोडे हायेत. तोवर हात लावू नका."

उन्हाळा पाली आणि किड्यांवर कसाबसा निघाला, पण तो पावसाळा त्याला फार लांब गेला. पुन्हा गवत, पुन्हा नाकतोडे. आश्विनात गाठ सोडली तर मातीत तिळासारखी, मुगासारखी, चिंचोक्यासारखी पिलं होती. मोजायचा प्रयत्न करून त्याने तो सोडून दिला. त्या हिवाळ्यात पक्षी रोज दहा-बारा खाई आणि डबा उणा होत नसे. छातीचं हाड दिसेनासं झालं. मोडका पंख वाकडा जुळला होता, पण जुळला होता. माघात तो खाटेवरून खिडकीत, खिडकीतून कडुलिंबाच्या खालच्या फांदीवर जाऊ लागला. तो फांदीवर असला की देवमन दारात उभा राही. बसत नसे.

त्रेसष्टच्या चैत्रात एका सकाळी तो रस्त्यापलीकडच्या तारेवर जाऊन बसला. उडणं तिरपं होतं, एका बाजूला कललेलं. देवमन ताटली घेऊन खाली उभा राहिला, ती नखाने वाजवत. संध्याकाळी पक्षी खाली आला, खाऊन पुन्हा तारेवर गेला. असे सहा दिवस. सातव्या दिवशी तारेवर दोन नीळकंठ होते. दुसरा हवेत उंच जाऊन कोलांट्या घेत ओरडत होता. संध्याकाळी ताटलीकडे कोणी आलं नाही.

पंचफुला दिवा लावून बाहेर आली. "गेला?"

"गेला."

"बरं झालं न मग."

"झालं न," देवमन म्हणाला, आणि कुबडी घेऊन स्टँडपर्यंत चालत गेला. दीड मैल. परत आला तेव्हा पाय सुजला होता. चार दिवस त्याला झोप लागली नाही. पक्षी दुसऱ्या तारेवर तर नसेल, म्हणून तो रोज एक नवा रस्ता धरी.

झुरळांचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. देवमन म्हणाला, फेकून देऊ. पंचफुला म्हणाली, जिवंत वस्तू फेकत नसतात, आणि तिने माती बदलली. पुढे पंजाबरावाने मोटारीत कोणाला तरी ही गोष्ट सांगितली, आणि अंजनगाव सुर्जीहून खुशालराव नावाचा एक शेतकरी विचारत विचारत आला. त्याच्याकडे पाळलेले तितर होते. चारायला वाळवी मिळाली नाही की त्यांची पिलं मरत. पंचफुलाने त्याला आत बोलावलं, चहा दिला, आणि देवमन बोलायच्या आधीच सांगितलं, "मोरीचे झुरळ देऊ नका, जी. औषधानं मरतीन. हे मातीवाले घ्या, न माती कोरडी ठेवा."

चौसष्ट साली देवमनला स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचं काम मिळालं. तिथे तो बसत नसे. उभा राहून सांगे, गाडी कुठे लागली, किती वेळ आहे, चोहट्ट्याला थांबेल की नाही. रविवारी तो पंजाबरावाच्या गाडीने अकोटला जाई आणि पुढची मोटार धरून अंजनगावला खुशालरावाकडे, मांडीवर डबा घेऊन. एकदा शेजारच्या बाईने विचारलं, "काय हाये डब्यात, भाऊ?"

"झुरळं," त्याने सांगितलं.

बाई उठून पुढच्या बाकावर गेली. देवमनने डबा त्या मोकळ्या जागेवर ठेवला, एका हाताने तो धरला, दुसऱ्याने वरची दांडी पकडली, आणि अकोट येईपर्यंत उभ्यानेच गेला.